नागपूरला जाऊन आलेला मास्तर

हे मी उभ्यानं लिहितो आहे. खिडकीच्या फळीवर कागद ठेवले आहेत. दोन ओळी झाल्या की अंगणात चक्कर मारून येतो आणि पुढची ओळ लिहितो. सवय म्हणा, औषधाचा गुण म्हणा, स्वभाव म्हणा. बसलो की पायांत मुंग्या उठतात. तेव्हा वाचताना मध्येच कुठे उडी मारल्यासारखी वाटली, तर मी तेवढ्यात अंगणात होतो असं समजा.

लिहायचं कारण एकच आहे. आपल्या भागात कोणाचं डोकं बिघडलं तर त्याला दवाखान्यात नेतात, उपचार करतात, नाही असं नाही. पण तो बरा होऊन आल्यावर त्याला काम कोणी द्यायचं, हे कोणालाच ठाऊक नसतं. मी त्यासाठी बराच हिंडलो. आज जे हिंडत असतील त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि जे खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या मुलाखती घेतात, त्यांच्यासाठीही. खरं तर त्यांच्यासाठीच जास्त.

भिंती

आमचं गाव अनसिंगपासून पायी जाण्याइतकं जवळ. बा आणि माय दोघंही मजुरी करायचे. आमच्या वस्तीत बी.एस्सी., बी.एड. झालेला मी पहिलाच, पण नोकरी लागत नव्हती. दुष्काळाचं साल होतं. दुष्काळी कामावर रस्त्यासाठी खडी फोडणं चालू होतं, तिथे मी मजुरांची हजेरी घ्यायचो. उन्हातान्हात बाया माझ्यासमोर दगड फोडायच्या आणि मी सावलीत उभा राहून नावं पुकारायचो. बी.एड.चा उपयोग तेवढाच.

त्या उन्हाळ्यात माझी झोप गेली. गेली तेव्हा मला काही वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, वेळ वाचला म्हणून. मग मी चालायला लागलो. गावातून अनसिंगला, अनसिंगहून वाशीमला, तिथून परत. वाटेत जो भेटेल त्याला भूमितीचे सिद्धांत समजावून सांगायचो. भेटायला कोणी नसलं तरी सांगायचोच. पुढे कोळसा घेऊन आमच्या घराच्या भिंती त्रिकोणांनी भरून टाकल्या, मग शेजाऱ्यांच्या, आणि एके दिवशी विहाराची भिंत. नुकताच चुना दिलेला होता. वस्तीनं तोपर्यंत हसून सोडलं होतं, विहाराची भिंत पाहिल्यावर मात्र कोणी हसलं नाही.

माझी आत्या म्हणाली, भगताकडे न्या, अंगारा लावा, बाहेरचं काही असेल. बानं तिला घरात बसूही दिलं नाही. "ते सारं सोडून आलो आपुन. आता पोराच्या पायी परत जाणार नाई," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी मला वाशीमच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी माझं बोलणं थोडा वेळ ऐकलं, थांबत नाही हे पाहिलं आणि बाला म्हणाले, याला नागपूरला न्या.

आमच्या भागात 'नागपूरला नेलं' म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. नागपुरात कोर्ट आहे, कॉलेजं आहेत, संत्र्यांचा बाजार आहे. पण आमच्या बोलण्यात त्या शहरात एकच इमारत आहे, वेड्यांचं इस्पितळ. पोरंसुद्धा एकमेकांना चिडवतात, 'याले नागपूरले धाडा लागते.' आमच्या घरात मात्र ते नाव वेगळ्या सुरात निघायचं. छप्पन साली बा आणि माय बौद्ध धम्माच्या दीक्षेसाठी नागपूरला गेले होते. तेव्हा घातलेलं पांढरं धोतर बानं अजून जपून ठेवलं आहे.

एसटीत बसल्यावर मी सारखा उठत होतो. बानं माझा दंड धरून ठेवला होता. मला म्हणाला, "मी एकदा नागपूरले गेलो अन माणूस होऊन आलो. तुलेबी तसाच आणतो." त्या वेळी माझ्या डोक्यात शंभर गोष्टी एकदम पळत होत्या. त्यातली एवढी एकच मागे राहिली.

चहा

तिथल्या डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ते बाला उच्चारता आलं नाही. पोरगा बरा होईल का, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, बरा होईल, पण हा आजार पुन्हाही येऊ शकतो, दोन्ही लक्षात ठेवा. बानं पहिलं लक्षात ठेवलं आणि मी दुसरं. आमच्या दोघांचे स्वभाव ओळखायला एवढं पुरे.

इस्पितळात घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. गोळ्यांसाठी रांग असायची. गोळी गिळली की वॉर्डातला शिपाई जीभ उचलायला लावून खाली बघायचा. दुपारी ज्यांना जमेल त्यांना बागेत काम. मला बागकाम दिलं ते बरं झालं, कारण गोळ्यांनी डोकं शांत झालं तरी पाय ऐकेनात. आधी आजारानं चालवलं, मग औषधानं. मी डॉक्टरबाईंना म्हणालोही, की चालणं काही माझं सुटत नाही, फक्त मालक बदलला. त्या हसल्या आणि गोळी कमी केली.

सगळ्यात वाईट सकाळ विजेच्या शॉकची. त्या दिवशी काय होणार हे कोणी सांगायचं नाही. शॉक उपाशीपोटी द्यायचे. चहा वाटत यायचे, आणि ज्याच्यापुढे कप ठेवला जायचा नाही त्यानं समजून जायचं. सगळा वॉर्ड त्या किटलीकडे डोळे लावून बसलेला असायचा. मी तर उभा असायचो. मला भीती वाटायची, खूप वाटायची, हे लिहायला लाज नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर यवतमाळकडचा एक शिंपी होता. मला शॉक असला की तो आपला चहा अर्धा ठेवायचा आणि मी परत आलो की गार झालेला तो अर्धा कप माझ्या हातात द्यायचा. मला काही वेळ स्वतःचं नावही आठवायचं नाही, पण चहा आपला आहे हे कळायचं.

घरी पाठवताना डॉक्टरबाईंनी बजावलं, झोप कमी झाली की लगेच यायचं, लाजून थांबायचं नाही. मी हो म्हणालो. तेव्हा मला सुटायची घाई होती, कशालाही हो म्हणालो असतो.

मोठं शिक्षण

मी गावात नव्हतो तेव्हा मायनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, सुखदेव नागपूरले मोठं शिकाले गेला. वस्तीला सगळं ठाऊक होतं, पण मायपुढे कोणी तोंड उघडलं नाही. परत आल्यावर लोक विचारायचे, झालं का शिक्षण? मी म्हणायचो, झालं. काही दिवसांनी मलाच वाटायला लागलं, आता त्या इस्पितळातून एखादी पदवी पोस्टानं येईल.

हसण्यासारखं एवढंच होतं. धाकट्या बहिणीचं, कमलचं, रिसोडकडे जमत आलं होतं. त्या लोकांना माझं कळलं आणि त्यांनी येणं बंद केलं. कमल ताट वाढायची, औषधाची आठवण करून द्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मी घरात येरझाऱ्या घालायचो आणि ती भाकरी थापताना मान खाली घालून बसायची. एकदा मीच म्हणालो, माझ्यामुळं तुझं मोडलं. ती म्हणाली, "तुह्यामुळं नाई मोडलं. तुले काम नाई म्हणून मोडलं. काम असतं त लोकायनं आजार पचवला असता."

तिचं बोलणं लागलं, पण ते खरं होतं. वेडा म्हणून झालेलं नाव पुसून काढणारी गोष्ट एकच, नोकरी. आणि वेडा म्हणून नाव झालं की नेमकी तीच मिळत नाही.

मी सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, कारकुनीसाठी गेलो. आधी या म्हणाले. मग कोणीतरी कानात काही सांगितलं असावं, जागा भरली म्हणाले. आठवड्याच्या बाजारात गेलो तर जागा अजून रिकामीच असल्याचं कळलं. एका शाळेत काही दिवस शिकवलंही. एका सकाळी फाटकावरच शिपायानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. का, तर साहेबांना विचारा. साहेब भेटले नाहीत. मला नाही म्हणण्याचा राग नव्हता, नाही म्हणायला कोणाजवळ कारण नव्हतं याचा होता. कारण सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शेलूबाजार

शेलूबाजारच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा निघाली. जागा राखीव होती. आम्ही तिघं उमेदवार होतो. हेडमास्तरांनी तिघांनाही सातवीच्या वर्गावर एकच पाठ घ्यायला लावला, अपूर्णांकांचा. मी एकर-गुंठ्यांवरून शिकवलं, बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांची वाटणी करून दिली. वर्गात चालायला मोकळीक असते. तेवढा वेळ माझे पाय आणि मी एका मतानं वागलो.

मग मुलाखत. समोर हेडमास्तर आणि संस्थेचे अध्यक्ष, मोठे बागाईतदार. टेबलाखाली मी एका पायानं दुसरा पाय दाबून धरला होता. थोडं शिक्षणाबद्दल विचारून झालं. मग अध्यक्षांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "तुमी नागपूरले जाऊन आलेले का?"

झालं, मला वाटलं. इथेही कळलं. आणि त्या क्षणी मला मायच्या मोठ्या शिक्षणाचा, जिनिंगच्या रिकाम्या जागेचा, सगळ्याचाच कंटाळा आला. मी म्हणालो, "हो साहेब. सारा पावसाळा भरती होतो. विजेचे शॉक घेतले. आता गोळ्या चालू हायेत अन झोप येते."

अडकित्ता थांबला. अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिले.

"आवो, मी त दीक्षेचं इचारलं," ते म्हणाले.

जागा राखीव, आणि बौद्ध झालेल्यांना त्या जागेत धरायचं की नाही याबद्दल तेव्हा दर कचेरीत वेगळं ऐकायला मिळायचं. मी दीक्षा घेतलेल्यांपैकी आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी मात्र आपणहून पोतं उघडून सगळं त्यांच्या टेबलावर ओतलं होतं. मला हसू यायला लागलं. पण नागपूरहून आलेल्या माणसानं अशा वेळी हसायचं नसतं, एवढं मला कळत होतं. मी गाल आतून चावून धरला.

हेडमास्तरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. थांबणं मला कुठलं जमणार. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो. खिडकीजवळून गेलो की आतलं एखादं वाक्य ऐकू यायचं, पुढे गेलो की तुटायचं. माझ्या नशिबाचा निकाल मी असा तुकड्यातुकड्यानं ऐकला.

अध्यक्ष म्हणत होते की माणूस हुशार आहे, पण पोरांच्या वर्गात बिघडला तर जबाबदार कोण. पुढच्या फेरीत हेडमास्तरांचा आवाज आला. मागे त्यांना स्वतःला कावीळ झाली होती, कितीतरी दिवस घरी पडून होते, तेव्हा त्यांची खुर्ची कोणाला दिली होती, असं ते विचारत होते. अध्यक्ष म्हणाले, कावीळ वेगळी. हेडमास्तर म्हणाले, तब्येतीचा दाखला नियमात आहेच, पण तो निवड झाल्यावर मागायचा, आणि ज्याची होईल त्याच्याकडून मागायचा. तिघांना जे विचारलं नाही ते एकट्याला विचारता येणार नाही, आणि त्यानं चुकून सांगितलं म्हणून ते त्याच्याविरुद्ध धरता येणार नाही.

यानंतर मी खिडकीपाशी आलो आणि पाय पहिल्यांदाच आपणहून थांबले.

"पाठात सगळ्यात जास्त गुण याले हायेत," हेडमास्तर म्हणाले. "नाकाराचं असन त कारण लिहा लागते. सांगा, काय लिहू?"

"लिहा, डोक्यावर परिणाम."

"आज दिसला का तुमाले?"

अध्यक्षांनी एक सुपारी कातरली. मग म्हणाले, "आज त नाई दिसला."

"मंग कागदावर तारीख आजचीच टाकाची हाय."

मला नोकरी मिळाली ती अशी. कोणी दया केली नाही. नकाराचं कारण लिहायला निघाले आणि लिहिण्यासारखं काही सापडलं नाही, एवढंच. खुर्चीत बसणाऱ्यांना मला सांगायचं आहे ते हेच. सगळ्यांना एकसारखं विचारा, कामापुरतं विचारा, आणि नाही म्हणायचं असेल तर का ते लिहून सही करा. पुष्कळसे नकार सहीपर्यंत पोहोचतच नाहीत.

निवड झाल्यावर वाशीमच्या सरकारी दवाखान्यातून तब्येतीचा दाखला आणला. त्या डॉक्टरांनी नागपूरच्या बाईंना पत्र लिहून विचारलं, उत्तर आलं, आणि मगच सही दिली. ते दिवस मी कसे काढले ते माझ्या चपलांना विचारा.

हजर झालो तेव्हा हेडमास्तरांनी दार लोटून विचारलं, काम नीट व्हायला काय लागेल? असं मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, सकाळी गोळीची गुंगी असते, पहिला तास नको. ते म्हणाले, पहिला तास मी घेईन, गणित दुपारी ठेवू. मी म्हणालो, बसून शिकवता येणार नाही. ते म्हणाले, बसून शिकवणारे माझ्याकडे आहेत पुष्कळ.

कापसाचे दिवस

त्यानंतरची दिवाळी चांगली गेली. कमलचं लग्न झालं, रिसोडकडे नाही, दुसरीकडे. मला वाटायला लागलं की आजार आपल्याला विसरला.

पुढल्या साली कापसाच्या गाड्या बाजारात यायला लागल्या त्या दिवसांत माझी झोप पुन्हा आखडली. आधी पहाटे जाग यायला लागली, मग त्याच्याही आधी. वर्गात मी भराभर शिकवायला लागलो. पोरं खूश, एका तासात दोन धडे. मलाही मजा वाटत होती आणि त्या मजेचीच धास्ती वाटत होती. ही मजा मी विहाराच्या भिंतीपाशी चाखलेली होती.

सांगावं तर नोकरी जाणार. ज्या अध्यक्षांनी 'बिघडला तर' म्हटलं होतं, त्यांच्या हातात मीच कारण नेऊन देणार. न सांगावं तर पोरांसमोर काय होईल याचा भरवसा नाही. मी बाजारातून महामार्गापर्यंत आणि महामार्गावरून शाळेपर्यंत चालत हाच विचार करत राहिलो. नागपूरची एसटी शेलूबाजारला थांबते. मी थांब्यावर उभा राहायचो, गाडी यायची, निघून जायची. आजाराची भीती कमी आणि परत आल्यावर फाटकावर शिपाई उभा असेल याची भीती जास्त, असं होतं ते.

शेवटी हेडमास्तरांकडे गेलो. बोलणं इतकं वेगानं आलं की त्यांना दोनदा ऐकावं लागलं. ते उठले, मला घेऊन अध्यक्षांच्या घरी गेले. अध्यक्ष ओट्यावर कापसाचा व्यवहार करत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगितलं नव्हतं का. ते तसं म्हणालेही. पण मग हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, "तुमच्या काविळीले रजा देली, याले न देऊन सांगतो कोणाले?" आणि मला म्हणाले, "जा. जागा तुमचीच हाय. बरे झाले का हजर व्हा."

त्यांचा सूर काही गोड नव्हता. मला तो सूर पुरला.

गावाहून बा आला आणि आम्ही नागपूरची एसटी धरली. या वेळी मला कोणी दंडाला धरलं नव्हतं, मी आपल्या पायानं निघालो होतो, पण तोंड थांबत नव्हतं. इस्पितळात भरतीच्या टेबलावर एक कारकून होता. नाव विचारलं, गाव विचारलं, काम विचारलं. मी सांगितलं, शिक्षक आहे, सातवीला गणित शिकवतो, रजेवर आलो आहे, परत जाऊन हजर व्हायचं आहे, दुपारचे तास माझे आहेत. सगळं एका दमात. त्या टेबलासमोर दिवसाकाठी कोणी कलेक्टर म्हणवून घेत असेल, कोणी मंत्री. कारकुनानं मान डोलावली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, पूर्वी शिक्षक.

"पूर्वी नाही," मी म्हणालो. "आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाच्या तोंडाकडे पाहिलं, खरं काय ते विचारायला. माझ्या आजाराबद्दल बानं इतकी वर्षं कोणाशी एक शब्द काढला नव्हता. मायच्या मोठ्या शिक्षणालाही त्यानं कधी खोटं म्हटलं नव्हतं.

"बराबर सांगून राह्यला तो," बा म्हणाला. "होता नाई. हाय."

कारकुनानं 'पूर्वी' खोडलं. मला रडू फुटलं आणि शिपाई धावत आला. वेड्यांच्या इस्पितळात भरती होताना माणूस आनंदानं रडतो, हे त्याला कोण समजावणार होतं.